टूरिंग गाडी रोज वापरायची तर

लांबच्या प्रवासाने टूरिंग मोटरसायकल झिजते, असं बहुतेकांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. गगनबावड्याला जाऊन यायचे शंभर-सव्वाशे किलोमीटर गाडीला मानवतात. कोल्हापुरात राजारामपुरीतून लक्ष्मीपुरीत जायचं, काम आटपायचं आणि पंधरा मिनिटांत परत यायचं, हे तिला मानवत नाही. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होतं, स्टार्टरने खाल्लेली बॅटरी परत भरत नाही, आणि चार पावलांचं अंतर म्हणून चेनकडे कुणी बघत नाही. असं वर्षभर चाललं की कमी किलोमीटर झालेली गाडी जास्त चाललेल्या गाडीपेक्षा म्हातारी होते.

म्हणून अशी गाडी रोजच्या वापराला ठेवायची तर नुसत्या किलोमीटरच्या तक्त्यावर विसंबून चालत नाही. महिने मोजावे लागतात, पाऊस बघावा लागतो आणि आपल्या फेऱ्या किती आखूड आहेत तेही बघावं लागतं.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्शन बघते. माझी गाडी रॉयल एनफिल्ड हिमालयन, ४११ सीसीची, बीएस-६. रोजचा रस्ता ठरलेला: राजारामपुरी, ताराराणी चौक, तावडे हॉटेल, पंचगंगेचा पूल, शिरोली फाटा. एका बाजूला नऊ-दहा किलोमीटर. सुट्टीला राधानगरी, गगनबावडा, नाहीतर आजऱ्यावरून आंबोली. तुमची गाडी दुसरी असली तरी रीत हीच. आकडे तेवढे तुमच्या मॅन्युअलमधले घ्या.

आधी वजनाचा विचार

रोजच्या वापरात गाडी चालवायला जितकी लागते तितकीच ढकलायला लागते. माझी गाडी पेट्रोलसकट १९९ किलोची आहे, सीटची उंची ८०० मिलिमीटर. माझी उंची पाच फूट तीन इंच. चालताना वजन जाणवत नाही, पार्किंगमध्ये जाणवतं. त्यामुळे घेण्याआधी शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर बसून बघण्यात अर्थ नाही. गाडी बाहेर काढायला सांगा, थोड्या चढावर उभी करा आणि बसल्या बसल्या दोन्ही पायांनी मागे रेटून बघा. ते जमलं तर गाडी तुमची.

उतारावर पार्क करताना तोंड कधीही खाली, भिंतीकडे करू नका. परत निघताना दोनशे किलो उलटे चढवावे लागतात. पुढचं चाक निघायच्या बाजूला हवं. स्टँड लावलं की पहिला गिअर टाकून ठेवायचा.

डबल स्टँडला ताकद लागत नाही, वजन लागतं. डावा हात हँडलवर, उजवा हात सीटखालच्या पकडीवर. उजव्या पायाने स्टँड दाबून त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकल्याची खात्री करायची आणि मग त्या पायावर सरळ उभं राहायचं. हाताने उचलायला गेलात तर कंबर धरते. पन्नास-पंचावन्न किलोच्या माणसालाही हे जमतं, मैत्रिणींना मी हे आधी शिकवते.

गाडी पडली तर पहिल्यांदा किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं बटण. उजव्या अंगावर पडली असेल तर उचलण्याआधीच साइड स्टँड बाहेर काढा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे कोसळते. गिअर टाका, गाडीला पाठ लावून बसा, एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने चौकटीची मजबूत जागा धरा आणि पायांच्या जोरावर मागे मागे पावलं टाकत उठा.

जुनी गाडी घेणार असाल तर डबल स्टँडवर पुढचं चाक अधांतरी करून हँडल अगदी हळू फिरवा. मधोमध आल्यावर खाच लागल्यासारखं अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग, गेला आहे. चाकाच्या प्रत्येक आऱ्यावर छोट्या पान्याने टकटक करत जा. घट्ट आरा खणखणीत वाजतो, सैल आरा बद्द वाजतो. एमपरिवाहन ॲपवर विम्याची आणि कर्जाची नोंद बघा. एवढं केलं तरी मालकाच्या बोलण्यावर अवलंबून राहावं लागत नाही.

तेल आणि तापमान

पेट्रोल जळलं की धुराबरोबर पाण्याची वाफही तयार होते. त्यातली थोडी पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली तेलात उतरते. इंजिन पुरतं तापलं तर ही वाफ उडून जाते. ते थंडच राहिलं तर तिचं पाणी होऊन तिथेच बसतं. हवा आणि तेलावर थंड होणाऱ्या इंजिनातलं तेल तापायला सहज पंधरा-वीस मिनिटं लागतात. म्हणजे दोन किलोमीटरची मंडईची फेरी ही तेलात पाणी घालण्याची फेरी आहे.

पावसाळ्यात तेल भरायचं झाकण उघडून आतून बघा. ताकासारखा पांढरट फेस दिसला तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. इंजिनच्या बाजूला तेलाची पातळी बघायची गोल काच असते, तिच्यात बघा. तिथलं तेल स्वच्छ असेल तर फेस नुसत्या दमटपणाचा आहे. गाडी चाळीस-पन्नास किलोमीटर सलग पळवा, जातो. काचेतलं तेलच दुधट दिसत असेल तर पाणी आत शिरलं आहे, तेल लगेच बदला. आणि तुमची गाडी कूलंटवाली असेल तर दुधट तेलाचा अर्थ कूलंट इंजिनात उतरतंय असाही होतो. ती गाडी चालू न करता गॅरेजला न्यायची.

यावर माझा उपाय पन्हाळा. कोल्हापुरातून वीस किलोमीटर, शेवटी चढ. आठवड्यातून एकदा सकाळी वर जाऊन खाली आलं की इंजिन व्यवस्थित तापतं, बॅटरी भरते आणि चेनही लूब (चेनचं वंगण) लावण्याइतकी कोमट होते. ज्यांची रोजची फेरी पाच किलोमीटरच्या आत आहे त्यांनी हे चुकवू नये. सकाळी दारात गाडी चालू करून दहा मिनिटं भुरभुरत ठेवण्याने यातलं काहीच साधत नाही. अर्धा मिनिट थांबायचं, निघायचं आणि पहिले दोन-तीन किलोमीटर एक्सिलरेटर हलका ठेवायचा.

तेल मी वर्षातून दोनदा बदलते, मध्येच पाच हजार किलोमीटर झाले तर तेव्हाही. माझ्या दोन तारखा बांधलेल्या आहेत: मे अखेर आणि खंडेनवमीच्या आधीचा रविवार. खंडेनवमीला शॉपमध्ये लेथपासून व्हर्नियरपर्यंत सगळ्यांची पूजा होते. गाडीतही त्या दिवशी नवीन तेल असावं, असं मला मनापासून वाटतं. ग्रेड १५डब्ल्यू५०, आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (मोटरसायकलच्या तेलाचं जपानी मानक) लिहिलेलं हवं. मोटरसायकलचा क्लच त्याच तेलात भिजलेला असतो. कारच्या बऱ्याच तेलांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात, त्यांनी क्लच घसरतो. स्वस्त मिळालं म्हणून कारचं तेल ओतू नका.

ड्रेन बोल्टबद्दल, म्हणजे इंजिनखालच्या तेल काढायच्या बोल्टबद्दल, दोन शब्द जास्त लिहिते, कारण इथे मी लोकांची इंजिनं वाया जाताना बघितली आहेत. क्रँककेस, म्हणजे इंजिनचं खालचं कवच, ॲल्युमिनियमचं असतं, बोल्ट लोखंडी. लांब पान्याने शेवटचा एक पीळ दिला की ॲल्युमिनियमचे आटे बोल्टबरोबर बाहेर येतात. वॉशर दर वेळी नवा घाला, बोल्ट आधी बोटांनी शेवटपर्यंत बसवा आणि मग टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळा. टॉर्क रेंच महाग वाटतो, पण तीन-चार जणांत मिळून एक घेतला तर वर्षानुवर्षं पुरतो. काढलेलं तेल गटारात ओतू नका. आपली गटारं जयंती नाल्यातून पंचगंगेला जातात. कुठल्याही गॅरेजमध्ये जुन्या तेलाचा ड्रम असतो, तिथे द्या.

टॅपेटचा, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा, आवाज आला की लोक घाबरतात. थोडा टकटक आवाज चालतो. टॅपेट अजिबात वाजेनासा झाला तर काळजी करा, कारण तिथली गॅप मिटली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो. तपासणी इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे गाडी रात्रभर उभी राहिल्यावर करायची. गॅरेजला गाडी संध्याकाळी नेऊन ठेवा आणि सकाळी पहिलं काम हेच करायला सांगा.

बॅटरी

मल्टीमीटर घ्या, साधा चालतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला १२.६ व्होल्ट किंवा जास्त दाखवलं तर भरलेली आहे. १२.२ च्या खाली असेल तर चार्जरला लावा. इंजिन तीन-चार हजार आरपीएमवर असताना साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान आकडा आला तर चार्जिंग ठीक आहे. १ एप्रिल २०१७ पासूनच्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत पेटलेला राहतो. त्यात मोबाइल चार्जर आणि जादा लाइट जोडले की दसरा चौकातल्या गर्दीत बॅटरी भरायच्या ऐवजी रिकामी होते. जादा लाइट बसवले असतील तर शहरात बंद ठेवा. टर्मिनलना व्हॅसलिनचा हात, झालं.

चेन

टूरिंग गाडीत सगळ्यात जास्त हयगय होते ती चेनची, आणि कोल्हापुरात तिला शत्रूही जास्त.

शिरोलीत फाउंड्रीतून मोल्डिंगची काळी वाळू घेऊन जाणारे ट्रक दिवसभर ये-जा करतात. वळणावर ती सांडते. ही सिलिकाची वाळू आहे, आणि सिलिका स्टीलला ओरखडते. वाळू आणि ग्रीस एकत्र झाले की शॉपमध्ये ज्याने आम्ही पृष्ठभाग घासून काढतो ती लॅपिंग पेस्ट तयार होते. म्हणून धुळीच्या चेनवर नुसतं वरून लूब मारणं म्हणजे झीज वाढवणं. आधी पुसायचं, मग लावायचं. गगनबावड्याकडची तांबडी माती पावसात चिकटते आणि वाळली की खरवडावी लागते. ऊस गळिताच्या दिवसांत कारखान्यांच्या आसपास काजळीही उडते.

पद्धत अशी. गाडी डबल स्टँडवर, इंजिन बंद, चावी खिशात. गिअरमध्ये इंजिन चालू ठेवून चेन फिरवत साफ करणारे लोक आहेत. स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) आणि चेनच्या मध्ये बोट गेलं तर राहत नाही. चाक हाताने फिरवा. चेन क्लीनर किंवा रॉकेल, मऊ ब्रश, जुनं सुती कापड. ओ-रिंगवाल्या चेनला तारेचा ब्रश आणि पेट्रोल वर्ज्य, कारण रबरी कड्यांच्या आत कंपनीने भरलेलं ग्रीस हेच चेनचं आयुष्य. रबरी कडी तुटली की ते ग्रीस जातं आणि परत भरता येत नाही.

लूब चेनच्या आतल्या बाजूने, खालच्या पट्ट्यावर लावा. चाक फिरताना ते आपोआप बाहेरच्या बाजूला जातं. वेळ रात्रीची, फेरी करून आल्यावर, चेन कोमट असताना. सकाळपर्यंत ते मुरतं आणि मागच्या टायरवर उडत नाही. सकाळी निघताना लावून लगेच पळवलं तर निम्मं टायरवर जातं, आणि त्या टायरवर सायबर चौकाचं वळण घेणं धोक्याचं. स्प्रे परवडत नसेल तर ९० नंबरचं गिअर ऑइल कापडाने लावा, काही बिघडत नाही. फक्त जास्तीचं पुसा.

कोरड्या दिवसांत पाचशे किलोमीटरला एकदा. पावसाळ्यात मात्र किलोमीटर विसरा. भिजून आलात की त्याच रात्री पुसून तेलाचा हात फिरवायचा.

चेनचा झोल, म्हणजे ती वर-खाली किती हलते, तो मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. माझ्या गाडीला मी २५ ते ३० मिलिमीटर ठेवते. चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते, म्हणून चाक फिरवत चार-पाच जागी बघा आणि जिथे सगळ्यात घट्ट आहे तिथे मोजा. सैल जागी मोजून आवळली तर घट्ट जागा गिअरबॉक्सच्या बेअरिंगला ओढते. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना स्विंगआर्मवर (चाक धरणाऱ्या दांड्यावर) खुणा असतात. त्या खुणा जुळल्या म्हणजे चाक सरळ, असं मी मानत नाही. स्विंगआर्म जिथे चौकटीला जोडलेला असतो त्या बोल्टच्या मध्यापासून ॲक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी स्टीलच्या टेपने मोजा. दोन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. एक-दीड मिलिमीटरचा फरकही स्प्रॉकेटच्या दातांची एक बाजू खातो. चेन बदलायची वेळ आली तर दोन्ही स्प्रॉकेट बरोबर बदला आणि मागच्या हबमधली रबरं बघून घ्या.

धूळ, धुणं, एअर फिल्टर

एमआयडीसीत जाणाऱ्यांनी एअर फिल्टर मॅन्युअलच्या निम्म्या अंतराला उघडून बघावा. महामार्गाच्या सहापदरीकरणाच्या कामाने उडणारी धूळ आणि फाउंड्रीची वाळू, दोन्ही तिथेच अडकतात, आणि जी अडकत नाही ती सिलिंडर घासते. कागदी फिल्टर हवेच्या प्रेशरने झटकून परत घालू नका. कागदाची सूक्ष्म छिद्रं मोठी होतात आणि ते डोळ्यांना दिसत नाही. नवा घाला.

वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप चाकाच्या हबवर, चेनवर, ऑइल कूलरच्या नाजूक पात्यांवर आणि हँडलच्या स्विचेसवर मारू देऊ नका. बेअरिंगचं सील बाहेरची धूळ अडवण्यापुरतं असतं, प्रेशरचं पाणी ते अडवत नाही. घरी बादली, शाम्पू आणि स्पंज पुरतो. हे धुणं मी इतक्या लाडाने करते की गल्लीतली मुलं मदतीला येतात.

टायर, आणि २१ इंची ट्यूब

माझ्या गाडीचं पुढचं चाक २१ इंचांचं, मागचं १७. दोन्ही आऱ्यांची, दोन्हींत ट्यूब. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे १७ ची ट्यूब सहसा मिळून जाते, २१ ची क्वचित. म्हणून पुढची ट्यूब मी कायम बरोबर ठेवते. टायर लिव्हर आणि हातपंपही. कळे गाव सोडल्यावर गगनबावड्याच्या रस्त्याला रात्री पंक्चरचं दुकान उघडं सापडेल या भरवशावर जाऊ नये.

हवा सकाळी, टायर थंड असताना बघा. माझ्या गाडीला एकटीसाठी पुढे २५, मागे ३२ पीएसआय. मागे कुणी बसणार असेल तर दोन्हींत दोन-दोन वाढवायचे. पंपावरचं मीटर आणि आपलं मीटर क्वचितच जुळतं. स्वतःचं एक चांगलं गेज घ्या आणि कायम त्यावरच चाला. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात: पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांचं रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या डांबरावर धरत नाही. दुकानातून नवा टायर घेतानाही हा आकडा वाचा.

ब्रेक आणि घाट

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर नक्कीच. ओलावा शिरला की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, आणि करूळ किंवा फोंडा घाट उतरताना ब्रेक तापले की आत वाफ होऊन लिव्हर नुसताच आत जातो. दर दोन वर्षांनी डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल नवीन, बंद डब्यातलं. अर्धवट वापरून ठेवलेला डबा वापरू नका. घाट उतरताना इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलवर गाडी सोडणारे आजही दिसतात. मला ते बघवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनलाच गाडी धरू द्या, ब्रेक वळणाआधी थोडा थोडा. चिखलात फिरून आलात तर पॅडची जाडी बघा. माती पॅड झपाट्याने खाते.

गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी, म्हणजे दिवाळीच्या सुमाराला, हेडलाइटची उंची नीट करून घ्या. रात्री बिनारिफ्लेक्टरची उसाची ट्रॉली किंवा अंगद (ट्रॅक्टरमागची उसाची छोटी गाडी) समोर अचानक उभा राहतो, आणि रस्त्यावर पडलेल्या कांड्यांवरून पुढचं चाक घसरतं. ट्रॉलीच्या मागे चिकटून जाऊ नका, एवढंच.

उद्यमनगरात काय करून घ्यावं, काय नाही

कोल्हापूरच्या माणसाचं भाग्य म्हणजे उद्यमनगर, छोट्या कारखान्यांची वसाहत. जगात कुठे मिळणार नाही तो बुश इथे संध्याकाळपर्यंत टर्न करून मिळतो. मी स्वतः साइड स्टँडखाली रुंद प्लेट वेल्ड करून घेतली आहे, म्हणजे चिखलात स्टँड रुतत नाही. सामानाची कॅरिअर, मडगार्डचा ब्रॅकेट, इंजिनखालच्या पत्र्याची दुरुस्ती, हे सगळं खुशाल इथे करा.

पण ॲक्सल, ब्रेक कॅलिपरचे बोल्ट, हँडलचे क्लॅम्प, फूटरेस्टच्या मुख्य पिना कधीही करून घेऊ नका. आकार हुबेहूब येतो, यात शंका नाही. मायक्रोमीटरलाही फरक सापडणार नाही. फरक असतो तो स्टीलच्या ग्रेडमध्ये आणि हीट ट्रीटमेंटमध्ये, आणि तो हार्डनेस टेस्टरशिवाय कळत नाही. माझा मिस्त्री, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, एकदा म्हणाले, “ताई, घरचा रॉड आहे, तासाभरात ॲक्सल देतो.” मी म्हटलं, “मामा, कॅरिअर तुम्हीच करा, ॲक्सल मात्र मी कंपनीचा आणते.” त्यांनाही ते पटलं. बोल्ट बदलताना डोक्यावरचा आकडा बघा. ८.८ असेल तिथे ८.८ किंवा त्यावरचाच हवा. बिनआकड्याचा बोल्ट नंबरप्लेटला लावा.

मागे बसणाऱ्यांसाठी

सासूबाई माझ्या मागे बसून जोतिबाला येतात, साडीत, एका बाजूला पाय सोडून. मोटार वाहन नियमांत दुचाकीला मागच्या माणसासाठी पकड, पाय ठेवायची जागा आणि मागचं चाक निम्मं तरी झाकणारं गार्ड असणं आवश्यक आहे. टूरिंग गाडी ‘मोकळी’ दिसावी म्हणून लोक पहिल्यांदा साडी गार्ड काढतात. काढू नका. मागे कुणी नियमित बसत असेल तर मागच्या शॉकॲब्सॉर्बरची स्प्रिंग एक-दोन खाचा घट्ट करा, नाहीतर गाडीचं तोंड वर होतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. लोखंडी पेट्या रोज लावून हिंडू नका. महाद्वार रोडला त्या माणसांना लागतात आणि वजनही वाढतं. जायच्या आदल्या रात्री लावा, आल्यावर काढा.

पाऊस, पेट्रोल आणि पूर

पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं की कडेला एक बारीक भोक दिसतं. पावसाचं पाणी त्यातून नळीने खाली जातं. ते धुळीने बुजलं की तळ्यासारखं साचलेलं पाणी झाकण उघडताच टाकीत. मे महिन्यात बारीक तार घालून हे भोक मोकळं करा आणि वरून पाणी ओतून खाली गळतंय का बघा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच उसाचं. इथेनॉल पाणी शोषतं. पाणी जास्त झालं की ते दोन्ही मिळून तळाशी बसतात आणि इंजिन तेच आधी ओढतं. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्यांत पेट्रोलची रबरी नळी दर सर्व्हिसला वाकवून बघा. बारीक चिरा दिसल्या तर बदला. पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा. रिकाम्या जागेतली दमट हवा रात्री गार होऊन पाणी सोडते. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर हे जास्तच पाळा.

आता पूर. २०१९ आणि २०२१ मध्ये काय झालं ते कोल्हापुरात सांगायला नको, शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. तुम्ही शाहूपुरी कुंभार गल्ली, सुतारवाडा, दुधाळी भागात राहत असाल तर ३९ ची बातमी आली की गाडी हलवा, ४३ ची वाट बघू नका. राजारामपुरीत, विद्यापीठाकडे, उंचावर कुणी ना कुणी ओळखीचं असतंच. पहिल्या पाण्यालाच मी माहेरच्यांना फोन करते, त्यांची गाडी आमच्या दारात येते.

तरीही गाडी बुडालीच तर पाणी ओसरल्यावर स्टार्टरला हात लावू नका. चावीही फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि दुरुस्तीचा खर्च अनेक पटींनी वाढतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. कुठपर्यंत पाणी चढलं होतं त्याच्या खुणेसकट फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा. नुसता थर्ड पार्टी विमा पुराचं नुकसान देत नाही, सर्वंकष विमा देतो. पण बुडालेली गाडी चालू करायला जाऊन इंजिन गेलं तर साध्या सर्वंकष विम्यातही ते नाकारलं जातं. इंजिन प्रोटेक्ट हे जादा कलम असेल तर वेगळी गोष्ट, आणि नूतनीकरणाच्या वेळी ते मागून घ्यायला हवं.

मग मिस्त्रीकडे, ढकलत किंवा टेम्पोतून. काम या क्रमाने करून घ्या: एअर फिल्टर काढून डबा कोरडा, टाकी पूर्ण रिकामी, तेल आणि तेलाचा फिल्टर काढून टाकायचा. प्लग काढून गाडी टॉप गिअरमध्ये टाकायची आणि मागचं चाक हाताने फिरवायचं, म्हणजे सिलिंडरमधलं पाणी प्लगच्या भोकातून बाहेर येतं. सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल, परत फिरवणं. वायरिंगचे सगळे कनेक्टर उघडून हवेने सुकवायचे. स्वस्तातलं योग्य ग्रेडचं तेल भरून, प्लग लावून इंजिन काही मिनिटं चालवायचं, ते काढायचं, दुधट असेल तर पुन्हा एकदा तेच. स्वच्छ तेल आल्यावर मग नेहमीचं तेल आणि नवा फिल्टर. चाकांची बेअरिंग, कोनसेट आणि ब्रेक ऑइल महिनाभरात बदलून टाका, चांगले दिसत असले तरी. पुराच्या पाण्यातला गाळ बेअरिंगच्या आत बसलेला असतो, आणि तो आवाज करायला लागतो साधारण दिवाळीच्या सुमाराला, घाटात.